शुक्रवारचं कारलं

"आतांगसाठी की टेबलासाठी?" पासिंगने विचारलं, आणि शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावली.

बाजारात मांसाच्या ओळीत आज पाय ठेवायला जागा नव्हती. एक नोव्हेंबर. वर्षातून याच दोन दिवसांत, आज आणि उद्या, गावातली मेलेली माणसं घरी जेवायला येतात, आणि त्यांचे चोचले जिवंतांच्या वरताण. कुणाच्या बापाला डुकराचं कुरकुरीत कातडं लागतं, कुणाच्या आजीला कोंबडीचं काळीज, तेही आल्यात शिजवलेलं. पासिंग सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला हा एकच प्रश्न विचारत होती. आतांग म्हणजे देव्हाऱ्यापुढे मृतांसाठी मांडायचं ताट. त्यासाठी असेल तर ती आतून चांगला तुकडा काढून द्यायची. टेबलासाठी, म्हणजे खाणाऱ्या तोंडांसाठी असेल, तर हाताला लागेल तो. सवयीने तिने लुगार्दालाही विचारलं, एवढंच.

लुगार्दाच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं.

"टेबलासाठी," लुगार्दा म्हणाली. तिचा आवाज नेहमीच हळू. ऐकणाऱ्याला जरा पुढे वाकावं लागे. "अर्धा किलो बीफ. मांडीचं दे, पासिंग. चरबी नको. रोनेलला चरबी आवडत नाही."

आवडत नाही. आवडायची नाही, असं ती म्हणाली नव्हती. मागच्या एकीने उगाच पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. पासिंगने आतला लालभडक तुकडा काढला, तोलला, केळीच्या पानात गुंडाळला आणि वर हाडाचा एक तुकडा तसाच टाकला. काय बोलावं ते ज्यांना कळत नाही, ती माणसं असंच काहीतरी वर टाकतात.

"हे कशाला?"

"राहू दे, मानांग," पासिंगने थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हटलं. "कुत्र्याला होईल."

रोनेल हा लुगार्दाचा एकुलता एक मुलगा. जवळजवळ वर्षापूर्वी तो मासेमारीच्या मोठ्या होडीवर पश्चिमेला, दूरच्या खडकांकडे गेला. बाविसाव्या दिवशी वादळ झालं. होडीवरच्या अकरा जणांपैकी सहा जण एका मालवाहू जहाजाला सापडले. त्या सहांत रोनेल नव्हता. उरलेल्या पाचांपैकी कुणाचंच प्रेत मिळालं नाही. चार घरांनी महिन्याभरात नऊ रात्रींच्या प्रार्थना करून, रिकाम्या पेटीवर फुलं ठेवून रडून घेतलं. पाचवं घर लुगार्दाचं. तिथे पेटी आली नाही. बातमी आली त्याच संध्याकाळी ती चर्चमध्ये गेली, दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालली, आणि माउलीच्या पायाशी नवस बोलली, की माझा रोनेल दारात उभा राहीपर्यंत मी मांसाला तोंड लावणार नाही.

त्या दिवसापासून दर महिन्याच्या एक तारखेला ती त्याच्या आवडीचं बीफ घातलेलं कारलं करत आली. त्याच्या जागेवर ताटली मांडायची, गरम भात वाढायची, आणि स्वतः शेजारी बसून उकडलेल्या पाल्याबरोबर भात खायची. जेवणं झाली की त्याची ताटली झाकून ठेवायची. संध्याकाळी ती कोण खातं, याची चौकशी तिने कधी केली नाही.

घरी आली तेव्हा फर्मिन, तिचा नवरा, मागच्या दारात बसून मेणबत्त्या मोजून पिशवीत भरत होता. त्याच्या नखांत अजून चुना होता. काल दिवसभर त्याने स्मशानात आपल्या आईबापाची, लुगार्दाच्या आईची आणि त्यांच्या तीन दिवसांच्या मुलीची थडगी पांढरी केली होती. आत सून, जोनालिन, चिकट तांदळाचे गोड वाटे केळीच्या पानात बांधत होती. सव्वीस वर्षांची पोर. हात चपळ, तोंड त्याहून चपळ.

"नानांग, तातांगना सांगा काहीतरी. आजोबांच्या ताटात दारूचा पेला ठेवायचा नाही म्हणतात."

"मागच्या वर्षी ठेवला होता," फर्मिन म्हणाला. "रात्रभर स्वयंपाकघरात भांडी वाजत होती."

"मांजर होतं ते."

"माझा बाप होता. मी ओळखतो ना. जिवंत होता तेव्हाही पिऊन भांडीच आपटायचा."

जोनालिन हसली, आणि पेला देव्हाऱ्यापुढे ठेवूनच आली. लुगार्दाही किंचित हसली, आणि मग तिचं लक्ष टेबलावरच्या पांढऱ्या पाकिटाकडे गेलं. चर्चचं पाकीट. उद्याच्या मिस्सेच्या प्रार्थनेत ज्या मृतांची नावं वाचायची, ती त्यावरच्या ओळींत लिहून द्यायची असतात. फर्मिनने त्याच्या गोलगोल अक्षरात नावं लिहिली होती. बाप. आई. तिची आई. तीन दिवसांची इमेल्दिता. थोरला भाऊ. सहावी ओळ कोरी होती. पाकिटाच्या शेजारी पेन उघडंच ठेवलं होतं.

लुगार्दाने पेनाला टोपण लावलं.

"बाराच्या आत द्यायचंय," फर्मिन मेणबत्त्यांकडे बघत म्हणाला. "नंतर घेत नाहीत."

"मग दे की. कोणी अडवलंय?"

"एक ओळ राहिलीय."

"सगळ्या ओळी भरायलाच हव्यात, असं फादर म्हणाले का?"

फर्मिनने पुढची मेणबत्ती पिशवीत टाकली. जोनालिनच्या हातातलं केळीचं पान चिरलं गेलं. ते तिने बाजूला टाकलं आणि दुसरं घेतलं. जूनमध्ये एकदा ती सासूला म्हणाली होती, "नानांग, मला कोणी विचारलं की नवरा काय करतो, तर मी काय सांगू? आहे म्हणू की होता म्हणू?" लुगार्दा म्हणाली होती, "आहे म्हण." त्यानंतर जोनालिनने विचारलं नव्हतं. माहेरी जाण्याचं बोलणं मात्र दोनदा काढलं होतं, आणि दोन्ही वेळा आपणच गिळलं होतं.

लुगार्दाने मांस धुतलं, धाग्यांच्या आडवी सुरी धरून पातळ पट्ट्या काढल्या. सोया सॉस, मिरपूड, दोन छोट्या हिरव्या लिंबांचा रस, चमचाभर मक्याचं पीठ. हाताने कालवून झाकून ठेवलं. मग कारली घेतली. दोन, लांब, गडद, अंगावर जाड गाठी असलेली. उभी चिरून चमच्याने आतला पांढरा गर आणि बिया खरवडल्या. अर्धचंद्रासारख्या चकत्या केल्या, मीठ चोळलं, आणि चाळणीत ठेवून वर वाटी दाबली. थोड्या वेळाने पाणी सुटलं की दोन्ही मुठींत धरून पिळायच्या.

तिच्या आईने तिला कारल्याची एकच गोष्ट शिकवली होती. कढईत पडलं की त्याला हात लावायचा नाही. ढवळलं की ते रुसतं आणि सगळा कडूपणा बाहेर टाकतं. वाफेवर गप्प राहू द्यायचं. रोनेल लहान असताना स्टुलावर चढून कढईत उलथनं घालायचा. "रुसलं का? आता रुसलं का, नानांग?" ती त्याच्या हातावर चापट मारायची.

शेवटच्या दिवशीही तो इथेच, याच दारात उभा होता.

तो शुक्रवार होता. लुगार्दाच्या घरी शुक्रवारी मांस शिजत नसे. चर्चने तो नियम कधीच सैल केला होता. उपवासाच्या चाळीस दिवसांतले शुक्रवार पाळले तरी पुरे. पण तिच्या आईने वर्षभराचे शुक्रवार पाळले, म्हणून तीही पाळायची. बाळंतपणातही तिने तो मोडला नव्हता.

"नानांग, आता महिना-दीड महिना मी मासेच खाणार," रोनेल म्हणाला होता. "जाताना एकदा बीफ घालून कारलं कर ना."

"उद्या करते. उद्या शनिवार."

"होडी आज सुटते. होडीवाल्याला काय सांगू, माझी आई शुक्रवार पाळते?"

"सांग. समुद्र ज्याने केला, शुक्रवारही त्याचाच आहे."

तिने कारलं केलं, पण वाळलेली कोलंबी आणि अंडं घालून. चौघं जेवायला बसली. रोनेलने चार घास खाल्ले आणि अर्धवट हसत, अर्धवट चिडून म्हणाला, "तुला पोरापेक्षा शुक्रवार प्यारा."

"हो, प्यारा!" ती म्हणाली. एरवी तिचा आवाज चढत नसे. त्या दिवशी चढला. "शुक्रवार मला उलटून बोलत नाही."

तेवढ्यात बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. रोनेल भरल्या ताटावरून उठला, पिशवी खांद्याला मारली. आता जेवताजेवता कोणी उठून प्रवासाला निघालं, तर मागे बसलेल्यांनी आपापली ताटली टेबलावर एक पूर्ण चक्कर फिरवायची असते. ताटली जिथून निघाली तिथे परत येते, तसं माणूसही परत येतं. इलोकोसच्या या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फर्मिनने फिरवली. जोनालिनने फिरवली, रोनेलची अर्धवट राहिलेलीही फिरवली. लुगार्दाने आपली ताटली दोन्ही हातांनी उचलली, मागच्या दाराने बाहेर गेली आणि पंपाजवळच्या दगडावर रस्त्याकडे पाठ करून बसली. ताटली मांडीवर. ट्रक गेल्याचा आवाज तिने ऐकला. मग ताटलीतलं कुत्र्याला घातलं.

एवढंच. क्षणभराचा राग. संध्याकाळपर्यंत तो उतरलाही होता.

फेब्रुवारीत तिने हे कबुलीच्या जाळीआड सांगितलं. फादर तरुण होते, भले होते. म्हणाले, "लुगार्दा, ताटली फिरवून होड्या परत येत नाहीत, आणि न फिरवल्याने बुडत नाहीत. ही जुनी समजूत आहे. यात पाप नाही." ती घरी आली. पापच नाही म्हटल्यावर क्षमा तरी कशाची मागायची? जे घेऊन गेली होती ते तसंच परत घेऊन आली. घरात कुणाला बोलली नाही. तिला वाटायचं, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. ज्याच्यासाठी ताटली फिरवायची, तो तर पाठ करून ट्रककडे पळत होता. त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. या एका गोष्टीवर तिची झोप टेकलेली होती.

कढई तापली. तिने मांसाच्या पट्ट्या पसरून टाकल्या, दोन्हीकडून रंग येताच काढून घेतल्या. त्याच तेलात लसूण, आलं, कांदा. मग टोमॅटो, तो विरघळेपर्यंत. मग पिळलेलं कारलं. ढवळलं नाही. गॅस बारीक केला, उलथनं बाजूला ठेवलं.

"जोनालिन, मांसाच्या मिठाची चव बघ."

नवसापासून चव बघायचं काम सुनेचं होतं. जोनालिनने एक पट्टी तोंडात टाकली. "थोडं हवं. अगदी थोडं."

बाहेर कुत्रा भुंकला. मग फर्मिनचा आवाज आला, "अरे! ये, ये. आत ये." आणि मग त्याचा आवाज बदलला. "गार्दा. बोनोंग आलाय."

वाचलेल्या सहांतला एक. होडीवर रोनेलच्या शेजारची झोपायची जागा त्याची. परत आल्यावर आठवड्याभरात तो बायकोच्या गावी निघून गेला, तो आजपर्यंत इकडे फिरकला नव्हता. कोस्ट गार्डला त्याने सांगितलं होतं, की रात्री होडी फुटली, अंधारात कोण कुठे गेलं काही कळलं नाही. लुगार्दाने ते वाक्य अकरा महिने जपलं होतं. काही कळलं नाही, म्हणजे काहीही असू शकतं. एखादी परदेशी बोट. एखादं बेट. एखाद्या देशाचा तुरुंग, जिथून पत्र येत नाही.

बोनोंग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बारीक झाला होता. हातात दोन मेणबत्त्या होत्या, त्या कुठे ठेवाव्यात ते त्याला समजत नव्हतं.

"आंटी," तो म्हणाला आणि पुढे वाकून त्याने तिचा हात कपाळाला लावला.

"बस. जेवायलाच बस. आज रोनेलचं कारलं केलंय."

टेबलावर चार ताटल्या मांडलेल्या होत्या. बोनोंगने त्या बघितल्या. तो बसला नाही.

"काल आमच्याकडे आतांगची ताटं मांडत होतो," तो म्हणाला. "बायकोने विचारलं, हे एक जास्त कुणाचं? मी बोललोच नाही. हातून मांडलं गेलं होतं. मग रात्रभर पडून होतो. म्हटलं, आईने मांडलं नाही आणि मी मांडणारा कोण? पहाटेची बस पकडली."

लुगार्दाने उलथनं उचललं.

"कोस्ट गार्डला मी खोटं सांगितलं, आंटी. आम्ही दोघं एकाच बांबूला धरून होतो. होडीच्या बाजूचा मोठा बांबू मोडून सुटला होता, त्याला. पहिला दिवस बरा गेला. रोनेल होडीमालकाला शिव्या घालत होता. दुसऱ्या रात्री त्याचे हात सुटायला लागले, म्हणून मी त्याला दोराने बांबूशी बांधलं. पहाटे हाक मारली तर ओ दिली नाही."

"झोपला असेल," लुगार्दा म्हणाली.

"नाही, आंटी."

"दमला असेल रे. तू नीट बघितलंस का?"

"छातीला कान लावला. लाटांमुळे वाटायचं की ठोका पडतोय. म्हणून परत लावायचो. कितीदा लावला असेल." बोनोंग मेणबत्त्यांकडे बघत होता. "दुपारपर्यंत ठेवला त्याला. मग बांबू त्याच्या बाजूने बुडायला लागला. दोर मीच सोडला. गाठ भिजून घट्ट झाली होती, बोटांनी सुटेना. दातांनी सोडवली."

फर्मिन दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. जोनालिनने तोंडावर पदरासारखा फडका दाबला. त्यातून आवाज आला नाही, नुसते खांदे हलत राहिले. ती तशीच भिंतीकडे वळली. तिचं रडणं अकरा महिने दाराशी खोळंबलं होतं, आणि आता त्याला कोणी अडवणार नव्हतं.

लुगार्दा कढईत उलथनं फिरवत होती. एका बाजूने दुसऱ्या बाजूला. तळ खरवडून पुन्हा वर. कारल्याच्या चकत्या मोडत होत्या, टोमॅटोत मिसळत होत्या.

"मालवाहू जहाज कधी आलं?" तिने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"म्हणजे एक रात्र."

"एक रात्र, आंटी."

लुगार्दा उलथनं फिरवतच राहिली. बोनोंगला ते बघवेना. वाईट बातमी आणणाऱ्या माणसाला निघण्याआधी काहीतरी गोड ठेवून जावंसं वाटतं, तसं त्याला वाटलं असावं. तो घाईने म्हणाला, "पण होडीवर तो मजेत होता, आंटी. खरंच. सगळ्यांना हसवायचा. तुमची तर रोज आठवण काढायचा. एक गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली की स्वयंपाक्याला पाठ झाली होती."

"कुठली?"

"म्हणायचा, मी निघालो तेव्हा नानांग एवढी चिडली होती, एवढी चिडली होती, की तिने ताटलीसुद्धा फिरवली नाही! दारातून वळून बघतो तर हिची जागा रिकामी." बोनोंग हसला. हसताना त्याचे डोळे वाहत होते. "म्हणायचा, ताटली नाही फिरली, आता परत जायची सोय माझी मलाच बघायला हवी. जाताना पाच किलो बीफ घेऊन जातो आणि शुक्रवारीच तिच्या टेबलावर आपटतो, बघू काय करते."

उलथनं थांबलं.

दारातून वळून बघतो तर. म्हणजे त्याने वळून बघितलं होतं.

"तो रागावला नव्हता हं, आंटी," बोनोंग म्हणाला. काहीतरी चुकलं हे त्याला कळलं, काय ते कळलं नाही. "गंमत म्हणून सांगायचा."

"हो," लुगार्दा म्हणाली. "तो रागावत नसे." आणि मग, तोंडाला सवय होती म्हणून, "जेवून जा, बोनोंग."

"नको, आंटी. बाहेर भाड्याची ट्रायसिकल थांबलीय."

त्याने मेणबत्त्या टेबलाच्या कडेला ठेवल्या, फर्मिनचा हात कपाळाला लावला आणि गेला. कुत्रा थोडा वेळ भुंकला. ट्रायसिकलचा आवाज वळणावर नाहीसा झाला.

फर्मिन उठला. त्याचे गुडघे वाजले. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला; तिला त्याच्या हाताला येणारा चुन्याचा वास आला. अकरा महिने त्याने कधी तो विषय काढला नव्हता, आणि तिला वाटलं होतं की त्याला विषयच ठाऊक नाही. त्या दिवशी तो तिच्या शेजारच्याच खुर्चीत होता.

"गार्दा," तो म्हणाला. "ताटली मी फिरवली होती."

ती वळली नाही.

"तुझी. तू रागाने मागे गेलीस ना, तेव्हा. टेबलावर तशीच होती, मी फिरवून टाकली. पूर्ण चक्कर. तुला सांगायचं राहिलं."

तिला मांडीवरच्या ताटलीचा गरमपणा आठवत होता. स्कर्टवर सांडलेला रस आठवत होता, तो डाग अजून होता. कुत्र्याने ताटली चाटताना ती दगडावर वाजली होती, तेही. फर्मिनला खोटं बोलता येत नसे. लग्नानंतरच्या तीस वर्षांत त्याने कोंबडीचा भावसुद्धा तिला खोटा सांगितला नव्हता. आता त्याचा आवाज नीट होता, एकाही शब्दावर अडखळला नाही. म्हणजे हे वाक्य त्याने आज बनवलं नव्हतं. कित्येक महिने मनात घोळवून गुळगुळीत केलं होतं, आणि वेळ यायची वाट बघत होता.

"हो का?" ती म्हणाली.

"हो."

"बरं झालं."

तिने गॅस बंद केला. काढून ठेवलेलं मांस कढईत टाकायचं राहून गेलं होतं, ते टाकलं. खालचं कारलं नुसता हिरवट लगदा झालं होतं. चर्चची साडेअकराची घंटा वाजली.

फर्मिनने पाकीट उचललं, पेनाचं टोपण काढलं, आणि नुसता उभा राहिला. त्याला लिहिवेना. जोनालिनने भिंतीकडून तोंड वळवलं. तिचे डोळे सुजले होते. ती सासूकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी होती.

लुगार्दाने हात पुसले.

"पूर्ण नाव लिही," ती म्हणाली. "रोनेल आगापितो. नुसतं रोनेल लिहू नकोस. गावात तीन रोनेल आहेत."

फर्मिनने लिहिलं. गोलगोल अक्षरं, हळूहळू. मग पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवून तो बाहेर पडला. सायकलची साखळी कुरकुरली. कोणी जेवायला बसलेलं नव्हतं, त्यामुळे फिरवायला काही नव्हतं.

लुगार्दाने टेबलावरची रोनेलची ताटली घेतली. निळ्या कडेची, एका बाजूला टवका गेलेली. भात वाढला. कढईतलं वाढायला गेली आणि थांबली.

आतांगचं ताट अळणी ठेवत नाहीत. तिच्या आईचं दुसरं शिकवणं. मृतांना काही मागता येत नाही, म्हणून त्यांच्या ताटात आधीच सगळं बरोबर असावं लागतं. जोनालिन म्हणाली होती, मीठ थोडं कमी आहे. चिमूटभर घातलं होतं का? आठवत नव्हतं. बोनोंग आला तो नेमका त्याच वेळी.

"मी बघू का, नानांग?" जोनालिनने विचारलं.

"नको."

नवस होता तो, रोनेल दारात उभा राहीपर्यंत. तो काही फिटला नव्हता. तिने मोडलाही नव्हता, अकरा महिन्यांत एका घासानेही नाही. माउलीने मागितलं असतं तर ती जन्मभर मांसाशिवाय राहिली असती. ते काहीच कठीण नव्हतं. पण आता तो ठेवायचा कुणासाठी? शुक्रवार पाळला, आणि पोराला उपाशीपोटी, राग घेऊन जाऊ दिलं. मग त्याच्या बदल्यात रोजचा शुक्रवार केला. दोन्ही वेळा तिने देवाला मांसच देऊ केलं होतं, आणि देवाला ते नको होतं, किंवा पुरलं नव्हतं, किंवा तो त्या वेळी ऐकतच नव्हता. यातलं काय खरं, हे तिला कधी कळणार नव्हतं. तिने देव्हाऱ्याकडे बघितलं. बाळ येशू नेहमीसारखा लाल झग्यात उभा होता.

तिने चमचा भरला. मांसाची एक पट्टी, वर कारल्याचा लगदा. तोंडात घातला.

मांस तिला आठवत होतं तसंच लागलं. मग कडू आलं. जिभेवर, मग घशात, मग सगळीकडे. तिच्या हातचं इतकं कडू कधी झालं नव्हतं. तिने थुंकलं नाही. सावकाश चावलं, गिळलं, आणि पुन्हा एक घास घेतला, कारण एका घासात मिठाचा अंदाज येत नाही.

"कसं झालंय?" जोनालिनने हळूच विचारलं.

"मीठ बरोबर आहे," लुगार्दा म्हणाली.

तिने ताटली भरली. टेबलाच्या बाजूने पाच पावलं चालून ती देव्हाऱ्यापर्यंत गेली आणि सासऱ्याच्या दारूच्या पेल्याशेजारी, इमेल्दिताच्या दुधाच्या वाटीच्या पुढे तिने ती ठेवली. बोनोंगच्या मेणबत्त्यांपैकी एक लावली. मागे जोनालिन टेबलावरची चौथी खुर्ची भिंतीला सरकवत होती. खुर्चीचे पाय जमिनीवर घासल्याचा आवाज आला.

ताटलीवरून वाफ येत होती. लुगार्दाचा हात अजून तिच्या कडेवर होता. बोटांनी ती थोडी ढकलली, अगदी थोडी, टवका गेलेली बाजू मागे जाईल इतकी. मग तिने हात काढून घेतला, आणि ताटली तशीच, अर्धी वळलेली, राहू दिली.